फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीतील ट्रान्सअ‍ॅक्सल: गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत कसे काम करतात?

दुसरा_गिअर

नमस्कार मंडळी. आमच्या घरी अनेक वर्षे मारुती ओम्नी होती आणि आता तिच्या जागी पुढच्या चाकांवर चालणारी एक जुनी हॅचबॅक आली आहे. कोल्हापुरातीलच एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगचा अंदाज काढून घेतला, तेव्हा त्यात ‘गिअर ऑइल’ आणि ‘डिफरन्शियल ऑइल’ अशा दोन स्वतंत्र ओळी, दोन स्वतंत्र रकमांसह, लिहिलेल्या आढळल्या. ओम्नीच्या मागच्या एक्सलच्या मध्यभागी डिफरन्शियलचा, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचा, फुगीर गोळा असायचा, त्याचे तेल वेगळे बदलावे लागायचे, हे मला माहीत आहे. परंतु या गाडीखाली वाकून पाहिले तर मागे नुसता एक आडवा बीम दिसतो आणि पुढून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्टही दिसत नाही. मग या गाडीत डिफरन्शियल आहे कुठे, आणि त्याला खरोखरच वेगळे तेल लागते का? पैशांपेक्षाही आतील रचना समजून घेण्याची मला उत्सुकता आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

तेलकट_हात

माझे स्वतःचे गॅरेज आहे, त्यामुळे आधी व्यवहाराचे उत्तर देतो. तुमची गाडी मॅन्युअल गिअरची असेल, तर तिच्यात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच हाऊसिंगमध्ये आहेत, दोघांचे तेल एकच आहे आणि ते एकाच ड्रेन प्लगमधून निघते. अशा गाड्यांत साधारण दोन ते अडीच लिटर तेल बसते. दुसरी ओळ खोडून घ्या. पुष्कळदा अंदाजपत्रकाचा छापील नमुना सर्व गाड्यांसाठी एकच असतो आणि त्यातून असे घडते, त्यामुळे भांडायला जाण्याआधी शांतपणे विचारून पाहावे.

अपवाद अगदीच नाहीत असे नाही. काही जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत डिफरन्शियलचा कप्पा वेगळा असे आणि त्याचे तेलही वेगळे असे. काही ड्युअल क्लच पेट्यांत गिअरचे तेल आणि नियंत्रण यंत्रणेचे हायड्रॉलिक तेल निरनिराळे असते. मात्र आपल्याकडच्या नेहमीच्या मॅन्युअल हॅचबॅकला हे लागू होत नाही.

निवृत्त_मास्तर

मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल हा विषय बरीच वर्षे शिकवला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. सगळ्या गोष्टींचे मूळ एका साध्या बाबीत आहे, ती म्हणजे इंजिन गाडीत कोणत्या दिशेने बसवले आहे.

अ‍ॅम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी किंवा बोलेरो अशा गाड्यांत इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असते. क्रँकशाफ्ट पुढून मागे असा फिरतो, त्याच रेषेत मागे गिअरबॉक्स असतो, तिथून प्रोपेलर शाफ्ट मागच्या एक्सलपर्यंत जातो. चाके मात्र आडव्या अक्षावर फिरतात, त्यामुळे फिरण्याची दिशा कुठेतरी काटकोनात वळवणे भाग असते आणि ते काम मागच्या गोळ्यातील क्राऊन (मोठा) आणि पिनियन (छोटा) हे दोन गिअर करतात. ही जोडी बहुधा हायपॉइड प्रकारची असते, म्हणजे तिच्यात पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली सरकवलेला असतो. अशा दात्यांमध्ये लोळण्याबरोबर घसरणेही फार असते, म्हणून त्यांना अतिदाबाला टिकणारी तीव्र रसायने मिसळलेले तेल लागते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असते. त्यामुळे क्रँकशाफ्ट, गिअरबॉक्समधील दोन्ही शाफ्ट आणि चाकांचा अक्ष हे सर्व एकमेकांना समांतर असतात. दिशा काटकोनात वळवण्याची गरजच उरत नाही, क्राऊन आणि पिनियनऐवजी साध्या तिरप्या दात्यांच्या, म्हणजे हेलिकल गिअरच्या, एका जोडीने काम भागते. हायपॉइड जोडी गेली की तिच्यासाठी लागणारे तेल गेले, वेगळे हाऊसिंग गेले, प्रोपेलर शाफ्ट गेला आणि त्याच्यासाठी गाडीच्या तळाला मध्यभागी द्यावा लागणारा उंचवटाही गेला. गिअरबॉक्स, शेवटची गिअरजोडी आणि डिफरन्शियल ही तिन्ही एका पेटीत एका तेलावर नांदू शकतात, कारण त्यांच्या गरजा आता सारख्या झालेल्या असतात. या पेटीला ट्रान्सअ‍ॅक्सल म्हणतात.

आता शक्ती कोणत्या वाटेने जाते ते पाहू. फ्लायव्हीलवरून क्लचप्लेटमार्फत ती इनपुट शाफ्टवर येते. या शाफ्टवर निरनिराळ्या आकारांचे गिअर असतात आणि त्यांपैकी प्रत्येकाचा जोडीदार समांतर असलेल्या आउटपुट शाफ्टवर असतो. या जोड्यांचे दाते कायम एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे आपण ‘गिअर टाकतो’ तेव्हा गिअर सरकत नाहीत. प्रत्येक जोडीतील एक गिअर आपल्या शाफ्टवर मोकळा फिरत असतो आणि सिंक्रोनायझरची स्लीव्ह सरकून त्यांपैकी एकाला शाफ्टशी बांधून टाकते. बांधण्याआधी सिंक्रोनायझरचे पितळी कडे घर्षणाने दोघांचा वेग सारखा करते. रिव्हर्ससाठी मात्र मध्ये तिसरा गिअर घालावा लागतो, आणि अनेक पेट्यांत तो सरळ दात्यांचा व सरकणारा असतो. गाडी मागे घेताना जो विशिष्ट सूर ऐकू येतो, तो या सरळ दात्यांचा.

आउटपुट शाफ्टच्या टोकाला एक छोटा पिनियन असतो. तो एका मोठ्या रिंग गिअरला फिरवतो, रिंग गिअर डिफरन्शियलच्या केजला, म्हणजे त्याच्या गिअरभोवतीच्या फिरत्या कवचाला, पक्का केलेला असतो, आणि केजच्या दोन्ही बाजूंनी एकेक ड्राइव्ह शाफ्ट निघून चाकाकडे जातो. बहुतेक मॅन्युअल ट्रान्सअ‍ॅक्सलमध्ये तेलाचा पंपसुद्धा नसतो. रिंग गिअर तेलात अर्धवट बुडालेला असतो, तो फिरताना तेल वर उडवतो, आणि पेटीच्या आतील पन्हळींमधून ते वरच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते.

ही मांडणी एका दिवसात सुचलेली नाही. १९५९ च्या ब्रिटिश मिनीमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आडव्या इंजिनाच्या खाली, तेलाच्या चेंबरमध्येच गिअरबॉक्स बसवला होता, त्यामुळे इंजिन आणि गिअर यांना एकच तेल वापरावे लागे. आज आपण जी मांडणी पाहतो, म्हणजे इंजिनाच्या टोकाला रेषेत गिअरबॉक्स आणि मागच्या अंगाला डिफरन्शियल, ती दान्ते जाकोसा यांनी १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलामध्ये आणि पुढे १९६९ च्या फियाट १२८ मध्ये रूढ केली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तेव्हा ही रचना पहिल्यांदा मोठ्या संख्येने भारतीय रस्त्यांवर उतरली.

दुसरा_गिअर

मास्तर, मनापासून आभार. एक शंका आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चौथ्या गिअरला इंजिनाचा शाफ्ट थेट जोडला जातो, असे मी वाचले आहे. तुम्ही सांगितलेल्या रचनेत तर प्रत्येक गिअरला दात्यांच्या जोडीतून जावेच लागते. मग यात शक्ती वाया जात नाही का?

निवृत्त_मास्तर

प्रश्न योग्य आहे. जुन्या रचनेत तीन शाफ्ट असतात. खालच्या गिअरमध्ये शक्ती दोन जोड्यांतून जाते आणि फक्त थेट गिअरमध्ये एकाही जोडीतून जात नाही. ट्रान्सअ‍ॅक्सलमध्ये कोणत्याही गिअरला पेटीतील एकच जोडी लागते. म्हणजे थेट गिअरचा लाभ गेला, परंतु उरलेल्या सर्व गिअरमध्ये एका जोडीचे नुकसान वाचले. शिवाय शेवटी हायपॉइडऐवजी हेलिकल जोडी आली, जिच्यात घसरण कमी आणि म्हणून तोटाही कमी. एकूण हिशेब ट्रान्सअ‍ॅक्सलच्या बाजूने झुकतो.

आकड्यांनी पाहू. समजा पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आहे आणि शेवटच्या जोडीचे ४. दोहोंचा गुणाकार १४, म्हणजे इंजिनाचे १४ फेरे झाले की चाकाचा १ फेरा होतो. इंजिन मिनिटाला २८०० फेरे घेत असेल तर चाक २०० फेरे घेईल. १६५/८० आर १४ मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर भरतो, त्यावरून वेग ताशी २३ किलोमीटरच्या आसपास निघतो. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८ धरले तर एकूण गुणोत्तर ३.२ होते, आणि त्याच २८०० फेऱ्यांवर गाडी ताशी १०२ किलोमीटरने धावते. वेग जितका घटतो तितका जोर वाढतो. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ११० न्यूटन-मीटर असेल, तर पहिल्या गिअरमध्ये दोन्ही चाकांवर मिळून, घर्षणाचा तोटा सोडल्यास, १५४० न्यूटन-मीटर येतो. हा सगळा भार त्या एका छोट्या पिनियनच्या दात्यांवर आणि डिफरन्शियलच्या केजवर पडतो.

ओतकाम

मास्तरांनी केजचा उल्लेख केला म्हणून लिहितो, कारण शिरोलीच्या फौंड्रीत माझे निम्मे आयुष्य गेले आहे. ट्रान्सअ‍ॅक्सलची बाहेरची पेटी अ‍ॅल्युमिनियमची, प्रेशर डायकास्टिंगने केलेली असते, कारण वजन कमी हवे आणि उष्णता लवकर बाहेर जायला हवी. आतील डिफरन्शियल केज मात्र बहुधा एसजी आयर्नची, म्हणजे चिवट बिडाची, ओतलेली असते. साध्या बिडात कार्बन पातळ पापुद्र्यांच्या रूपात असतो आणि त्या पापुद्र्यांच्या टोकांपासून भेगा सुरू होतात. वितळलेल्या रसात ठरावीक प्रमाणात मॅग्नेशियम मिसळले की हाच कार्बन गोल गोळ्यांच्या रूपात साकळतो आणि बिडाला पोलादाच्या जवळ जाणारा चिवटपणा येतो. केजला हा चिवटपणा अत्यावश्यक असतो, कारण क्लच झटक्यात सोडणारा प्रत्येक चालक तिला हातोड्यासारखे ठोके देत असतो.

या भागाचे ओतकाम दिसते तितके सोपे नाही. केज आतून गोलाकार पोकळ असते, आतले गिअर बसवण्यासाठी तिला खिडक्या ठेवाव्या लागतात, आणि बेअरिंगच्या दोन्ही बाह्य बैठका व आतील गोलाकार बैठक हे सर्व एका अक्षावर यावे लागते. कोअर, म्हणजे आतील पोकळी घडवणारा वाळूचा गाभा, किंचित सरकला तर एका बाजूची भिंत पातळ होते आणि ते मशिनिंग झाल्यावरच लक्षात येते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग ओतणाऱ्या पुष्कळ फौंड्र्या आहेत. तेव्हा तुमच्या गाडीच्या पोटात कोल्हापूरच्या मातीच्या साच्यातून निघालेला एखादा तुकडा असेल, तर नवल वाटायला नको.

घाटवाट

नोकरीनिमित्त गगनबावड्याहून करूळ घाटाने खाली-वर करणे माझ्या नशिबी वारंवार येते. पावसाळ्यात चढणीच्या अवघड वळणावर, मागे तिघे बसलेले असताना, पुढचे आतल्या बाजूचे चाक जागच्या जागी फिरते आणि गाडी क्षणभर ओढच घेत नाही. हा डिफरन्शियलचा दोष म्हणायचा का? आणि डिफरन्शियलमुळे असे होत असेल, तर ते मुळात बसवतातच कशाला?

निवृत्त_मास्तर

बसवतात, कारण त्याशिवाय ते वळण तुम्हाला घेताच येणार नाही. दोन पुढच्या चाकांतील अंतर दीड मीटर धरा आणि वळणाची त्रिज्या गाडीच्या मध्यापासून पाच मीटर. आतल्या चाकाची त्रिज्या सव्वाचार मीटर आणि बाहेरच्या चाकाची पावणेसहा मीटर येते, म्हणजे बाहेरच्या चाकाला सुमारे ३५ टक्के जास्त अंतर कापायचे असते. दोन्ही चाके एकाच सळईवर घट्ट बसवली तर एकाला घसरावे लागेल. टायर झिजतील, स्टिअरिंग जड होईल आणि गाडी सरळच जाऊ पाहील.

केजच्या आत एका आडव्या पिनवर दोन छोटे बेव्हल गिअर असतात, ज्यांना गॅरेजमध्ये स्टार पिनियन म्हणतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक साइड गिअर असतो आणि प्रत्येक साइड गिअर आपापल्या ड्राइव्ह शाफ्टला फिरवतो. गाडी सरळ जाताना स्टार पिनियन स्वतःभोवती फिरत नाहीत, सगळा संच एकत्र फिरतो. वळणावर एक चाक मंदावले की स्टार पिनियन स्वतःभोवती फिरू लागतात, आणि एका बाजूचा जितका वेग घटतो तितकाच दुसऱ्या बाजूचा वाढतो. केजचा वेग नेहमी दोन्ही चाकांच्या वेगांच्या सरासरीइतका राहतो. गाडीची दोन्ही पुढची चाके जॅकवर सुरक्षितपणे उचलून, इंजिन बंद ठेवून आणि गिअर टाकून एक चाक हाताने फिरवले, तर दुसरे उलट फिरते, याचे कारण हेच आहे. केज अडलेली असल्याने सरासरी शून्य राहणे भाग असते.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. स्टार पिनियन हा तराजूच्या दांडीसारखा आहे. मध्यावर ढकलला की दोन्ही टोकांना सारखाच जोर देतो, एकाला अधिक आणि दुसऱ्याला उणा असा भेद त्याला करता येत नाही. त्यामुळे दोन्ही चाकांना नेहमी जवळपास समान टॉर्क मिळतो, आणि त्याची मर्यादा कमी पकड असलेले चाक ठरवते. निसटलेल्या चाकाला रस्ता ५० न्यूटन-मीटरपेक्षा अधिक दाद देत नसेल, तर दुसऱ्या चाकालाही तेवढाच जोर मिळेल, मग इंजिन कितीही ताकदीचे असो.

चढणीमुळे पुढची चाके हलकी होतात असे सर्रास म्हटले जाते, परंतु त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. गुरुत्वमध्याची उंची ५५ सेंटिमीटर, दोन एक्सलमधील अंतर २.४५ मीटर आणि चढ दहास एक असा धरला, तर पुढून मागे सरकणारे वजन एकूण वजनाच्या जेमतेम सव्वादोन टक्के भरते. मागे बसलेली तीन माणसे आणि डिकीतील सामान यांचा परिणाम याच्या कितीतरी पट असतो. रिकाम्या गाडीत पुढच्या चाकांवर ६० टक्के वजन असेल, तर पूर्ण भरल्यावर ते निम्म्यावर येऊ शकते. दहास एक चढ चढायला वजनाच्या दहा टक्के जोर लागतो. ओल्या डांबरावर घर्षणांक ०.५ धरला, तर ५० टक्क्यांचे निम्मे म्हणजे २५ टक्के जोर मिळतो आणि गाडी सहज चढते. चिखल वाहून आलेल्या जागी घर्षणांक ०.२ वर आला, तर मिळणारा जोरही दहाच टक्के राहतो आणि गाडी अडते. त्यात अवघड वळणावर शरीराप्रमाणेच गाडीचे वजनही बाहेरच्या बाजूला कलते, आतले चाक आणखी हलके होते, आणि समान वाटणीच्या नियमामुळे ते हलके चाकच दोघांची मर्यादा ठरवते. म्हणून तुम्हाला त्रास होतो तो नुसत्या चढाचा नसून चढ, वळण, ओझे आणि चिखल या चौघांच्या एकत्र येण्याचा आहे.

तेलकट_हात

घाटवाट यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांचे चालक एक चाक फिरू लागले की हँडब्रेक किंचित ओढत. त्यामुळे फिरणाऱ्या चाकाला विरोध होई आणि दुसऱ्या चाकाला जोर मिळे. हीच युक्ती पुढच्या चाकांच्या गाडीत करणारे लोक मी पाहिले आहेत. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो, ओढ पुढच्या चाकांची असते; त्यामुळे फायदा शून्य आणि गाडी अधिकच अडते. नवीन गाड्यांत ईएसपी या गाडी घसरू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेबरोबर येणारी ट्रॅक्शन कंट्रोलची यंत्रणा फिरणाऱ्या चाकाचा तेवढा ब्रेक आपोआप दाबते, म्हणजे हेच काम योग्य चाकावर करते. ती नसेल तर वळणाआधी वेग सांभाळावा, वळणात अ‍ॅक्सिलरेटर अचानक दाबू नये आणि पुढच्या टायरच्या नक्षीकडे लक्ष ठेवावे. चांगले टायर पुढे आणि झिजलेले मागे, असा सल्ला मात्र मी देणार नाही, कारण ओल्या उतारावर मागची बाजू फिरली तर ते प्रकरण जास्त महागात पडते. चारही टायर चांगले असावेत.

तिरपी_चाके

मी राजारामपुरीतून इचलकरंजीला कामासाठी जाते. गेल्या काही आठवड्यांपासून गाडी पूर्ण वळवून पार्किंगमधून बाहेर काढताना पुढच्या डाव्या बाजूने ‘कट-कट-कट’ असा आवाज येतो; सरळ रस्त्यावर तो अजिबात येत नाही. एका ओळखीच्या काकांनी गिअरबॉक्स उघडावा लागेल असे सांगितले आहे. दादा, तेलकट_हात, खरेच तसे आहे का?

तेलकट_हात

ताई, गिअरबॉक्स उघडू देऊ नका. तुम्ही वर्णन केलेला आवाज बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या चाकाकडील वाकणाऱ्या सांध्याचा, असण्याची शक्यता फार मोठी आहे. चाकाच्या आतल्या बाजूला शाफ्टवर एक काळा, घड्या असलेला रबरी बूट असतो, तो फाटला आहे का आणि आसपास काळे ग्रीस उडाले आहे का, ते पाहायला सांगा. बूट फाटला की ग्रीस बाहेर जाते, रस्त्यावरची वाळू आत शिरते आणि थोड्याच दिवसांत जॉइंटच्या गोळ्यांचे मार्ग खाल्ले जातात. आपल्याकडे उसाच्या हंगामात शेतरस्त्यावरची माती डांबरी रस्त्यांवर सगळीकडे आलेली असते, त्यामुळे फाटलेल्या बूटकडे दुर्लक्ष करणे परवडत नाही. आवाज सुरू होण्याआधी बूट बदलला तर नवा बूट आणि ग्रीस एवढ्यावर भागते. आवाज आल्यानंतर बहुधा जॉइंटच बदलावा लागतो.

कानाने ओळखण्याच्या आणखी काही खुणा आहेत. वळवताना कटकट झाली तर बाहेरचा जॉइंट. सरळ जाताना वेग घेताना गाडी थरथरली आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच थरथर थांबली, तर आतला जॉइंट. न्यूट्रलमध्ये उभे असताना घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग. कोणत्याही गिअरमध्ये सारखाच, गाडीच्या वेगाबरोबर चढत जाणारा सूर असेल, तर डिफरन्शियलचे किंवा चाकाचे बेअरिंग. फक्त एकाच गिअरमध्ये आवाज असेल, तर त्या गिअरच्या जोडीकडे पाहावे.

निवृत्त_मास्तर

सीव्ही जॉइंटबद्दल थोडी भर घालतो, कारण त्याच्याविना पुढच्या चाकांना गती देण्याची कल्पना इतकी सुखावह झालीच नसती. प्रोपेलर शाफ्टवर असतो तो क्रॉसचा साधा जॉइंट वाकलेल्या स्थितीत फिरला की त्याच्या पलीकडच्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. कोन लहान असेल तर हे खपते, परंतु स्टिअरिंगने वळणाऱ्या चाकाला चाळीस अंशांहूनही अधिक कोनात गती द्यायची असते आणि तिथे हा हिसका थेट हाताला जाणवतो. आल्फ्रेड झेप्पा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जॉइंटमध्ये सहा पोलादी गोळ्या असतात आणि त्या नेहमी दोन शाफ्टमधील कोनाचे दोन समान भाग करणाऱ्या प्रतलात राहतात, म्हणून दोन्हीकडचा वेग प्रत्येक क्षणी सारखा राहतो. आतला, म्हणजे ट्रान्सअ‍ॅक्सलकडचा जॉइंट बहुधा तीन रोलरचा ट्रायपॉड असतो. त्याला कोन कमी सोसावा लागतो, परंतु सस्पेन्शन वर-खाली होताना शाफ्टची लांबी कमी-जास्त करण्याचे काम त्याच्याकडे असते.

डिफरन्शियल गाडीच्या बरोबर मध्यावर नसल्यामुळे एका बाजूचा शाफ्ट आखूड आणि दुसऱ्या बाजूचा लांब होतो. ताकदवान गाडीत जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढते, त्याचे एक कारण ही असमानता आहे. काही गाड्यांत लांब बाजूला मध्ये एक आधाराचा शाफ्ट आणि बेअरिंग बसवून दोन्हीकडचे जॉइंट असलेले शाफ्ट सारख्या लांबीचे केलेले असतात. छोट्या इंजिनांच्या गाड्यांत हे फारसे जाणवत नाही.

पाऊसपाणी

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता आणि शहरातील किती तरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. इंजिनात पाणी गेल्याची चर्चा सगळेच करतात, परंतु ट्रान्सअ‍ॅक्सलमध्ये पाणी जाते का?

तेलकट_हात

जाते, आणि इंजिनाच्या गोंधळात त्याच्याकडे लक्ष जात नाही म्हणून जास्त नुकसान करते. पेटीच्या वरच्या बाजूला हवा येण्या-जाण्यासाठी एक ब्रीदर असतो. गाडी चालून गरम झालेली पेटी अचानक गार पाण्यात बुडाली की आतील हवा आकसते आणि ब्रीदरमधून, नाही तर ड्राइव्ह शाफ्टच्या ऑइल सीलमधून, पाणी आत ओढले जाते. दिवसभर बुडून राहिलेल्या गाडीत ते नुसतेही झिरपते. पाणी मिसळलेले तेल दुधी रंगाचे होते, त्याची वंगणशक्ती जाते आणि बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करण्याआधी किंवा ओढत नेण्याआधी ट्रान्सअ‍ॅक्सलचे तेल काढून पाहावे. दुधी निघाले तर नवे तेल भरावे, थोडे अंतर चालवून तेही काढावे आणि पुन्हा ताजे भरावे.

तेलाचा प्रकार आपल्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्यावा. अनेक मॅन्युअल पेट्यांना जीएल-४ दर्जाचे ७५डब्ल्यू-९० सांगितलेले असते. ‘जीएल-५ म्हणजे वरचा दर्जा, तेच घाला’ हा सल्ला दुकानात सहज मिळतो आणि तो बहुधा चुकीचा असतो. जीएल-५ हायपॉइड दात्यांसाठी आहे. त्यातील गंधक आणि फॉस्फरसयुक्त रसायने सिंक्रोनायझरच्या पितळी कड्यांना बाधू शकतात, आणि जास्त निसरडेपणामुळे ती कडी गिअरचा वेग जुळवण्यात कमी पडतात. मग गिअर अडखळत, कुरकुरत पडू लागतो.

ओतकाम

यावर विचारतो, बिनागिअरच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या एएमटी गाड्या आणि आता आलेल्या विजेच्या गाड्या यांच्यात ही पेटी असते की नाही? आमच्या धंद्याच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

निवृत्त_मास्तर

एएमटीमध्ये तीच पेटी असते. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर ही यंत्रणा आपल्याकडे लोकप्रिय झाली; तिच्यात क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही माणसाची दोन कामे अ‍ॅक्चुएटर करतात, बाकी गिअर, सिंक्रोनायझर आणि डिफरन्शियल मॅन्युअलप्रमाणेच असतात. सीव्हीटीमध्ये गिअरच्या जोड्यांऐवजी दोन पुलींमधला पोलादी पट्टा असतो, परंतु शेवटची जोडी आणि डिफरन्शियल तिथेही आहेतच. २०२२ च्या इनोव्हा हायक्रॉसची हायब्रिड आवृत्ती याहून वेगळी. तिच्यात इंजिन आणि दोन मोटर प्लॅनेटरी गिअरने एकमेकांशी जोडलेल्या असतात आणि तो सगळा संच पुढच्या ट्रान्सअ‍ॅक्सलमध्येच मावलेला असतो. याउलट इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते.

नेक्सॉन ईव्हीसारख्या पुढच्या चाकांच्या विजेच्या गाडीत क्लच नाही, गिअर बदलणे नाही आणि रिव्हर्सचा गिअरही नाही, कारण मोटर उलट फिरवता येते. मोटर खूप वेगाने फिरत असल्याने तो वेग साधारण आठ ते दहा पट कमी करणारे ठरावीक गुणोत्तराचे गिअर मात्र लागतात आणि त्यांच्यानंतर डिफरन्शियल लागतोच. तेव्हा सिंक्रोनायझरचे काम करणाऱ्यांनी काळजी करावी, केज ओतणाऱ्यांनी तूर्त नाही. उलट मोटरचा पूर्ण टॉर्क शून्य वेगापासून मिळतो आणि ब्रेक लावताना वीजनिर्मितीमुळे तो उलट दिशेनेही येतो, त्यामुळे केजच्या चिवटपणाची आणि दात्यांच्या अचूकपणाची मागणी वाढणार आहे. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे गिअरचा बारीकसा सूरही प्रवाशाला ऐकू येतो, हे आणखी एक.

घाटवाट

शेवटचा प्रश्न. घाटात बंद पडलेली फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी ओढून न्यायची असेल, तर कोणती बाजू उचलायची?

तेलकट_हात

पुढची. ओढीची चाके हवेत राहिली की ट्रान्सअ‍ॅक्सल फिरतच नाही आणि मागची चाके नुसती गडगडत येतात. हँडब्रेक तेवढा सोडलेला असावा. मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चारही चाकांवर थोडे अंतर हळू ओढली तर बहुधा चालते, कारण चाकांबरोबर रिंग गिअर फिरतो आणि तेल उडवत राहतो. टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक किंवा सीव्हीटी असेल तर तसे करू नये, कारण तिचा तेलाचा पंप इंजिनावर चालतो आणि इंजिन बंद असताना आतले भाग कोरडेच फिरतात. विजेच्या गाडीत चाकांबरोबर मोटर फिरून वीज तयार होते, म्हणून तिला सपाट ट्रकवरच चढवावे. ट्रक येईपर्यंत गाडी वळणावर उभी ठेवावी लागली, तर चाकांमागे दगड लावा आणि मागून येणाऱ्यांना दिसेल इतक्या अंतरावर लाल त्रिकोण ठेवा. करूळच्या धुक्यात नुसत्या पार्किंग लाइटवर विसंबू नका.